ज्योत एका रात्रीची, नेम रोजचा

शिवजयंतीच्या आदल्या रात्री जुन्नर-नारायणगाव रस्त्याने प्रवास करण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना ते दृश्य विसरता येणार नाही. शिवनेरीवर ज्योत पेटवायची आणि ती धावत आपल्या गावी न्यायची, ही गेल्या काही दशकांत गावोगाव रुजलेली प्रथा आहे. पुढे मशाल घेतलेला तरुण, त्याच्या मागे भगवा घेऊन धावणारे दहा-वीस जण आणि त्यांच्या पाठीशी हळूहळू येणारा टेम्पो. एकाला दम लागला की मशाल दुसऱ्याच्या हाती जाते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावे तर यात असतातच, पण जिल्ह्याबाहेरचीही मंडळे येतात. तारखेने १९ फेब्रुवारीला एकदा आणि तिथीने फाल्गुन वद्य तृतीयेला पुन्हा एकदा, असा हा सोहळा वर्षातून दोनदा घडतो. तो पाहताना ऊर भरून येतो, यात शंका नाही.

पण त्यानंतरच्या सकाळी त्याच रस्त्याने गेल्यास काय दिसते? रात्री मशाल घेऊन धावलेला तरुण दुपारपर्यंत झोपलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो दुचाकीवरून पानाच्या टपरीपर्यंत जातो; अंतर असते तीनशे पावलांचे. त्यानंतर वर्षभर त्याचे पाय धावत नाहीत. यात त्याच्या भक्तीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो आपण सर्वांनी मिळून बळाची जी कल्पना करून घेतली आहे तिचा. बळ म्हणजे प्रसंगी दाखवायची गोष्ट, अशी आपली समजूत झाली आहे. ती रोज थोडी थोडी साठवायची गोष्ट आहे, हे आपण विसरलो आहोत. आणि याहून घातक अशी दुसरी समजूत तिच्या पोटातच दडलेली आहे: व्यायाम हा बलवानाचा विषय आहे, जो मुळातच अशक्त, आजारी, दमेकरी, त्याने बाजूला बसून टाळ्या वाजवाव्यात.

या स्तंभात संपादकाने स्वतःविषयी लिहू नये असा संकेत आहे. आजचा विषय असा आहे की तो संकेत थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. माझे बालपण याच तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. मला बालदमा होता. थंडी पडली किंवा खळ्यावर मळणीचा धुरळा उडाला की छातीत घरघर सुरू होई आणि आई रात्ररात्र पाठीला उशी लावून मला बसवून ठेवी. शाळेत खेळाचा तास आला की गुरुजी मायेने म्हणत, ‘‘तू बस रे, मुलांचे कपडे सांभाळ.’’ संध्याकाळी शाखेतही तेच. सगळे कबड्डी खेळत आणि मी चपलांच्या रांगेपाशी बसे. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. किंबहुना ज्यांचे माझ्यावर अधिक प्रेम होते, तेच मला अधिक आग्रहाने बसवत. परिणाम मात्र असा झाला की दमा वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षी बराच ओसरला, पण बसण्याची सवय तीस वर्षे टिकली.

शेचाळिसाव्या वर्षी काही पाहुण्यांना घेऊन शिवनेरी चढत होतो. गडाला सात दरवाजे. तिसऱ्या दरवाजापाशी मला दगडावर टेकावे लागले. माझ्याहून वयाने मोठ्या असलेल्या एका मावशी नातवाला कडेवर घेऊन शेजारून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, ‘‘दादा, पाणी घ्या जरा.’’ त्या पाण्याच्या घोटाबरोबर जे गिळावे लागले ते अजून विसरलेलो नाही. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब वाढलेला, साखर सीमेवर. त्यांनी हृदयाची तपासणी करून घेतली, दम्याचा पूर्वेतिहास विचारला आणि सांगितले, ‘‘चाला. महिनाभराने बघू.’’

महिनाभराने पळायला सुरुवात केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. गावाबाहेरच्या रस्त्यावर विजेचे खांब आहेत. एक खांब पळायचे आणि तीन खांब चालायचे, असा हिशेब ठेवला. पळण्याचा वेग असा की सायकलवरून दूध घालायला जाणारा मुलगा थांबून विचारी, ‘‘काका, काही हरवलंय का?’’ तीन महिन्यांनी एक खांब पळून एक चालणे जमू लागले. थंडीत श्वास अडखळला तर डॉक्टरांनी दिलेला फवारा आधी घ्यायचा, दहा मिनिटे सावकाश चालून छाती मोकळी करायची आणि मगच वेग वाढवायचा, हे शिकलो. वर्ष संपताना सलग तीन किलोमीटर झाले. आज पाच होतात, तेही सावकाशच. यात पराक्रम काहीही नाही. सांगायचे ते इतकेच की चपलांपाशी बसवलेल्या त्या मुलाला हे त्याच वेळी, त्याच मैदानात जमले असते. त्याला ते जमेल असे कोणाला वाटले नाही, आणि म्हणून त्यालाही वाटले नाही.

महाराष्ट्राने हा धडा दीडशे वर्षांपूर्वीच पाहिलेला आहे. १८७३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एक किडकिडीत प्रकृतीचा विद्यार्थी दाखल झाला. आई लहानपणीच गेलेली, वडील नुकतेच वारलेले. बुद्धी तल्लख, पण अंगात ताकद नाही. या विद्यार्थ्याने आपले पहिले वर्ष जवळजवळ संपूर्णपणे शरीर कमावण्याला दिले. तालमीत व्यायाम, कुस्ती, पोहणे, नाव वल्हवणे हाच त्या वर्षीचा अभ्यासक्रम ठरला. परीक्षेच्या दृष्टीने ते वर्ष वाया गेले. पुढे त्याच विद्यार्थ्याने गणित विषय घेऊन बी. ए. ची पदवी पहिल्या वर्गात मिळवली, वकिलीची परीक्षा दिली आणि त्यानंतर जे केले ते देशाला ठाऊक आहे. बाळ गंगाधर टिळक हे त्याचे नाव. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात, मधुमेह जडलेल्या देहाने, कुटुंबापासून दूर काढताना लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. तुरुंगात असतानाच पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांच्यापर्यंत पोचली. तो देह आणि ते मन तिथे मोडले नाही, याचे बरेचसे श्रेय चरित्रकार कॉलेजातल्या त्या ‘वाया गेलेल्या’ वर्षाला देतात. आजचा पालक आपल्या मुलाने एक वर्ष असे ‘वाया’ घालवलेले चालवून घेईल का, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या घरात विचारावा.

टिळकांचे उदाहरण थोरांचे, आपल्याला ते कसे लागू पडणार, असे कोणी म्हणेल. म्हणून एका गरीब घरातल्या मुलीचे उदाहरण पाहू. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९४० मध्ये विल्मा रुडॉल्फ जन्मली. वेळेआधी जन्मलेली, वजनाने हलकी आणि बावीस भावंडांत विसावी. लहानपणी न्यूमोनिया झाला, मग पोलिओने डावा पाय अधू केला. काळ्या वर्णाच्या माणसांना जवळच्या रुग्णालयात उपचार मिळत नसत, म्हणून आई तिला पन्नास मैलांवरच्या नॅशव्हिलला नेत असे. घरी भावंडे पाळीपाळीने तिचा पाय चोळत. अनेक वर्षे तिच्या पायाला लोखंडी आधार होता. तोच पाय घेऊन ती १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर, २०० मीटर आणि चार बाय शंभर मीटर रिले अशा तीन शर्यतींत सुवर्णपदकाची मानकरी ठरली. या कथेतील पदके क्षणभर बाजूला ठेवू. पाय चोळणारी ती भावंडे आपल्या डोळ्यांसमोर राहिली पाहिजेत. दुबळ्या मुलाला उभे करणे हे एकट्या मुलाचे काम नसते. ते कुटुंबाचे, शेजाराचे, समाजाचे काम असते. संघटन हा शब्द आपण सभांमधून पुष्कळदा उच्चारतो. त्याचा सर्वांत साधा अर्थ हाच आहे.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू, कारण श्रद्धेला शास्त्राची जोड असेल तर ती डोळस होते. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसगाड्यांच्या चालकांचा आणि वाहकांचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. चालक दिवसभर बसलेला, वाहक दिवसभर जिना चढणारा-उतरणारा. गाडी एक, शहर एक, कामाचे तास जवळपास सारखे. तरीही हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा वाहकांत कमी आढळले. शारीरिक हालचाल हृदयाचे रक्षण करते, या आज सर्वमान्य झालेल्या विचाराचा पाया त्या जिन्यावर घातला गेला.

पण आपल्यासाठी त्याहूनही महत्त्वाचे संशोधन पुण्यातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कमी वजनाची जन्मणारी भारतीय बालके आणि पुढच्या आयुष्यातील मधुमेह यांचा संबंध अनेक वर्षे अभ्यासला आणि त्यासाठी पुणे जिल्ह्यातील खेड्यांमधल्या मातांचा व मुलांचा पाठपुरावा केला. आपली बालके दिसायला बारीक, पण त्यांच्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने अधिक असते, हे त्यांनी दाखवून दिले. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांच्या उंची-वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बॉडी मास इंडेक्स, एकच होता, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत. आपला व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ती गाठणे, अशी थट्टा याज्ञिकांनी स्वतःचीच केली होती. जन्मतः आपले वजन कमी होते, हेही त्यांनी तिथे नोंदवले.

या एका पानाच्या टिपणात आपल्या समाजाची कुंडली लिहिलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे दुष्काळ, उपासमार, मातांची हेळसांड यांतून आपल्या देहांना जन्मतःच एक उणेपण मिळाले आहे. म्हणजे लहानपणीचा अशक्तपणा ही दोनचार घरांची व्यथा नसून बहुतेकांचा वारसा आहे. पूर्वी अंगमेहनतीमुळे तो झाकला जाई. आता ती मेहनत संपली. ‘आयसीएमआर’च्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नसल्याचे दिसून आले, पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के आणि स्त्रियांमध्ये ५७ टक्के. जो जन्मतः दुबळा, त्याला व्यायामातून सूट द्यावी, हा आपला जुना प्रेमळ न्याय शास्त्राने पुरता उलटा ठरवला आहे. व्यायामाची खरी गरज त्यालाच आहे.

यावर आपल्या भागातला एक नेहमीचा आक्षेप असतो: शेतकऱ्याला कशाला हवा व्यायाम? सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी हा आक्षेप योग्य होता. आदिवासी पट्ट्यात, भीमाशंकर आणि नाणेघाटाच्या बाजूला, आजही काही प्रमाणात तो योग्य ठरेल. तिथल्या बायाबापड्या डोक्यावर ओझे घेऊन डोंगर चढतात, आणि त्यांना व्यायामापेक्षा पोटभर सकस अन्नाची आणि विश्रांतीची गरज आहे. पण पूर्वेकडचे चित्र वेगळे आहे. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या दोन तालुक्यांचे नशीब पालटले. ऊस आला, द्राक्षबागा आल्या, नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ दूरवर गाजली. त्याबरोबर ट्रॅक्टर आला, पंपाची कळ मोबाइलवर आली, दारात चारचाकी आली. हा उत्कर्ष आहे आणि तो कष्टाने मिळवलेला आहे. मात्र बांधावर दुचाकीने जाऊन मजुरांवर देखरेख करणाऱ्या बागाईतदाराच्या शरीराला शहरातल्या कारकुनाइतकीच विश्रांती मिळते आणि जेवण मात्र आजोबांच्या काळातले असते, हेही तितकेच खरे आहे.

आपण बैलगाड्याच्या घाटावर जमतो. शर्यतींवरची बंदी उठावी म्हणून याच भागाने किती वर्षे लढा दिला! २०१४ मध्ये आलेली बंदी २०२१ च्या अखेरीस सशर्त उठली आणि २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना कायद्याचे अधिष्ठान कायम ठेवले, तेव्हा गावोगाव गुलाल उधळला गेला. त्या बैलाची निगा पाहावी. त्याला वेळेवर खुराक, रोजचा फेरा, पोहणी, मालीश. यात्रेच्या आदल्या दिवशी एकदम पळवला तर बैल मोडतो, हे घाटावरच्या लहान पोरालाही ठाऊक असते. मग हा न्याय आपण स्वतःला का लावत नाही? बैलाचा मालक घाटाच्या वरच्या टोकाला धापा टाकत पोचतो, याचे आपल्याला हसू येते. वास्तविक चिंता वाटायला हवी.

तरुणांचे म्हणाल तर या भागात धावणारी मुले-मुली आहेत. सकाळी रस्त्याने त्या दिसतात आणि कौतुक वाटते. पण त्यांतील बहुतेक पोलीस भरतीसाठी धावतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. घड्याळ लावून जिवाच्या आकांताने. भरती झाली की धावणे संपते, वय उलटले तरी संपते. काही वेळा तर पूर्वतयारीशिवाय मैदानात उतरलेला उमेदवार धावतानाच कोसळल्याच्या दुःखद बातम्या येतात. नोकरीसाठी घाम गाळणे यात वावगे काही नाही. पण धावणे हे केवळ नोकरीचे दार उघडणारी किल्ली होऊन बसले, तर दार उघडताच किल्ली फेकून दिली जाणार.

येथे सावधगिरीचा एक शब्द सांगितला पाहिजे, अन्यथा हा अग्रलेख बेजबाबदार ठरेल. जिम फिक्स या अमेरिकी पत्रकाराच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. लठ्ठ आणि सिगारेट ओढणाऱ्या फिक्स यांनी वयाच्या पस्तिशीत धावायला सुरुवात केली, सिगारेट सोडली, वजन उतरवले आणि १९७७ मध्ये धावण्यावर लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाने अमेरिकेला रस्त्यावर उतरवले. १९८४ मध्ये वयाच्या बावन्नाव्या वर्षी धावतानाच त्यांचा हृदयविकाराने मृत्यू झाला. टीकाकारांना निमित्त मिळाले. पण यातून घ्यायचा बोध असा की व्यायाम हा तपासणीला पर्याय होऊ शकत नाही. घरात हृदयविकार असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, लहानपणी दमा किंवा संधिवाताचा ताप येऊन गेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले, चक्कर आली तर तिथेच थांबावे. आणि वाढ मुंगीच्या पावलाने करावी. जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षासुद्धा अवाजवी नाही: आठवड्याला किमान दीडशे मिनिटे भरभर चालणे किंवा पंच्याहत्तर मिनिटे धावण्यासारखा जोरकस व्यायाम. दिवसाला वीस-पंचवीस मिनिटे. एवढा वेळ तर आपण पारावर राजकारणावर बोलण्यात घालवतो.

आपल्या परंपरेत यासाठी स्वतंत्र शब्द शोधण्याचीही गरज नाही. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त उग्र तप करणाऱ्या पार्वतीकडे बटूच्या वेषातील शंकर येतो आणि तिच्या शरीराचीही विचारपूस करतो, कारण धर्म आचरायचा तो याच साधनाने. आणि लोककथा सांगते की पुत्रप्राप्तीसाठी गिरिजेने तप केले ते याच आपल्या लेण्याद्रीच्या डोंगरावर. आज त्या पायऱ्या चढताना मधेच बसकण मारणारे चाळिशीचे भाविक पाहिले की वाटते, गिरिजात्मजाचे दर्शन घेण्याआधी त्या डोंगरानेच आपली परीक्षा घेतली आहे. समर्थांनी गावोगाव मारुती बसवला तो बलोपासनेसाठी. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळांमधून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. १९१४ मध्ये अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, १९२४ मध्ये लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेले आणि १९२५ च्या विजयादशमीला डॉक्टर हेडगेवारांनी नागपुरात जे कार्य आरंभले त्याच्या केंद्रस्थानीही रोजचा एक तास आणि मोकळे मैदानच होते. या सर्वांत समान धागा आहे तो ‘रोज’ या शब्दाचा.

म्हणूनच थोडे अंतर्मुख होऊन पाहावे लागेल. २१ जूनला योगदिन साजरा होतो, छायाचित्रे निघतात आणि २२ जूनला सतरंज्या गुंडाळल्या जातात. २०१९ मध्ये ‘फिट इंडिया’ची घोषणा झाली; शपथा घेतल्या गेल्या. गावोगाव बसवलेल्या खुल्या व्यायामशाळांच्या उपकरणांवर कपडे वाळत घातलेले दिसतात. आणि आपल्या घरातले काय? आपल्याही कित्येक शाखांवर प्रौढ मंडळी व्यायामाच्या वेळी बाजूला उभी राहतात आणि बौद्धिकाच्या वेळी पुढे येऊन बसतात. हे आपण आपसांत मान्य केले नाही, तर समाजाला सांगण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही.

या भागाची एक अडचण मात्र शहरी लेखकांना कळणार नाही, आणि ती खरी आहे. ती म्हणजे बिबट्या. उसाने या तालुक्यांना पैसा दिला, तसे बिबट्याला घर दिले. त्याची पिले उसातच जन्मतात, उसातच वाढतात. माणिकडोहला निवारा केंद्र झाले, पिंजरे लागले, तरी हल्ले थांबलेले नाहीत. माणसे गेली आहेत, लहान मुले गेली आहेत. ज्या घराने ते दुःख भोगले आहे, त्या घरातल्या सुनेला ‘पहाटे उठून धावत जा’ असा उपदेश करणे हे क्रौर्य होईल. तेव्हा पहाटेचा हट्ट सोडावा. सूर्य वर आल्यावर, उसाच्या कडेचा एकटा रस्ता टाळून, शाळेच्या किंवा मंदिरापुढच्या मोकळ्या पटांगणात, चारचौघांनी मिळून व्यायाम करावा. पटांगण दोनशे मीटरचे असले तरी दहा फेऱ्यांत दोन किलोमीटर होतात. आणि एकत्र येण्याला बिबट्यानेच निमित्त दिले, तर तेही काही वाईट नाही.

यासाठी फार मोठ्या योजनांची गरज नाही. ग्रामपंचायतींनी शाळेची मैदाने सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास खुली ठेवून तिथे दिव्यांची सोय करावी. खेळाचा तास गणिताला देण्याची पद्धत मुख्याध्यापकांनी बंद करावी. ज्योत आणणाऱ्या मंडळांनी वर्षाच्या उरलेल्या दिवसांसाठी एक साधी वही ठेवावी आणि मैदानात कोण आले त्याची नोंद करावी. डीजेच्या खर्चातला थोडा भाग रक्तदाब आणि साखर तपासणाऱ्या शिबिरावर खर्च करावा. निवृत्त सैनिक या भागात पुष्कळ आहेत. त्यांच्या शिस्तीचा लाभ घ्यावा. स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ हवी आणि ती वेळ घरातल्या पुरुषांनी चुलीपाशी उभे राहून मोकळी करून द्यावी लागेल. अन्यथा वर सांगितलेले ५७ टक्क्यांचे लाजिरवाणे प्रमाण घटणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: ज्या मुलाला दमा आहे, ज्याचा पाय बारीक आहे, जो वर्गात सर्वांत हडकुळा आहे, त्याला ‘तू बस’ म्हणू नये. डॉक्टरांचा सल्ला घेऊन त्याच्यासाठी वेगळे माप ठरवावे. बाकीच्यांना पाच फेऱ्या, तर त्याला अर्धी. पण ती अर्धी फेरी त्याची स्वतःची असेल.

राष्ट्र बलशाली व्हावे, असे आपण रोज म्हणतो. राष्ट्राला वेगळा देह नसतो. ते आपल्याच हातापायांनी उभे राहते आणि आपल्याच छातीने श्वास घेते. ज्या समाजातील निम्मी माणसे लेण्याद्रीच्या निम्म्या पायऱ्यांवर बसकण मारतात, त्या समाजाच्या सामर्थ्याच्या गप्पा ऐकून शत्रूला चिंता वाटण्याचे कारण नाही. उलट ज्या गावात सर्वांत अशक्त मुलगाही रोज अर्धी फेरी मारतो, ते गाव कोणत्याही संकटाला पुरून उरते. बलवानांचे बळ वाढवणे सोपे आहे. समाजाची खरी कसोटी लागते ती दुबळ्यांना बळ देताना.

पुढच्या शिवजयंतीला शिवनेरीवरून पुन्हा ज्योती निघतील. त्या अवश्य निघाव्यात. मात्र या वेळी मंडळांनी एक करावे. गावाच्या वेशीपासून मंदिरापर्यंतचा शेवटचा टप्पा असतो शे-दोनशे पावलांचा. तो टप्पा गावातल्या अशा मुलाच्या हाती द्यावा, ज्याला आजवर कोणी धावायला सांगितले नव्हते आणि जो वर्षभर मैदानात येऊन आपली अर्धी फेरी पुरी करत होता. तो सावकाश धावेल, कदाचित मधे चालेलही. सगळ्या गावाने त्याच्या चालीने चालावे. आणि चपला सांभाळायला त्या दिवशी कोणीही मागे राहू नये.